आभाराची बाटली

१० जानेवारी २०१५, शनिवार

या वहीत मला एकच गोष्ट सिद्ध करावयाची आहे. माझा धाकटा भाऊ न्सिया याने छत्तीस वर्षे कसलेला चौदा एकरांचा कोकोचा मळा आमच्या घराण्याचा आहे. न्सियाच्या मृत्यूनंतर तो घराण्याकडे परत येतो. आणि त्यातील अर्धा मळा नवऱ्याने आपल्याला हयातीतच दान दिला, हा त्याच्या विधवेचा, अमा डुफीचा, दावा टिकण्यासारखा नाही.

युक्तिवाद थोडक्यात असा. मळ्याची जमीन मूळची रान होती आणि ते रान आमच्या आजीच्या आईपासून घराण्याकडे आहे. घराण्यातल्या माणसाने घराण्याच्या जमिनीवर झाडे लावली, तर उत्पन्न त्याचे, पण हयातीपुरते. घराणे आमच्यात आईकडून चालते. म्हणून न्सियाची बायको आणि मुले त्याच्या घराण्यातली नव्हेत आणि त्याचा वारस आमच्या बहिणीचा मुलगा ट्वुम हा ठरतो. सरकारी वारसा कायदा विधवेला आणि मुलांना वाटा देतो तो मृताच्या स्वकष्टार्जित मिळकतीतून. घराण्याच्या मिळकतीला तो कायदा हात लावत नाही.

राहिले दान. घराण्याच्या जमिनीचे दान प्रमुखाच्या संमतीशिवाय होत नाही, आणि कोणतेही दान साक्षीदारांदेखत आभाराचे पेय, म्हणजे मद्याची बाटली, दिल्या-घेतल्याशिवाय पुरे होत नाही. १९९८ पासून घराण्याचा प्रमुख मी आहे. मी असे पेय घेतलेले नाही. सबब दान झालेले नाही.

२८ फेब्रुवारीला घराण्याची बैठक माझ्या अंगणात भरेल आणि निवाडा मी देईन. दंडाधिकारी म्हणून बत्तीस वर्षे काम करताना, निकालाआधी कारणे स्वतःशी लिहून पाहण्याची सवय लागली. शहात्तराव्या वर्षी ती मोडण्याचे कारण दिसत नाही.

न्सियाला जाऊन आज बेचाळीस दिवस झाले. ही नोंद केवळ कालगणनेसाठी.

१२ जानेवारी, सोमवार

सकाळी नऊ वाजता डुफी आली. काळे वस्त्र, पायांत काळ्या चपला. तिला मी खुर्ची दाखवली.

"पायरी बरी आहे, नाना," ती म्हणाली. "खुर्चीवरून उठायला सांगितलं की जास्त लागतं."

कोणत्याही पक्षकाराला सांगितला असता तसाच, न चिडता आणि न गाळता, मी तिला कायदा समजावून सांगितला. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतले. माझ्यासमोर फार थोड्या वकिलांना हे जमले असेल.

"झालं? आता मी बोलू?"

"बोल."

"जी दोन वर्षं त्यांची पाठ धरली होती ना, त्या वर्षांत रोपं डोक्यावरून मी आणली. खड्डे मी खणले. धाकटी पाठीला बांधलेली असायची."

"श्रम म्हणजे मालकी नव्हे."

"ते मला ठाऊक आहे. त्यांनाही होतं. म्हणूनच त्यांनी दान दिलं, आणि म्हणूनच तुम्ही सुन्यानीला नोकरीत असताना आम्ही तुमच्याकडे आलो. बाटली घेऊन, मेंढा घेऊन. गाडीच्या टपावर बांधला होता तो, अख्खी वाट ओरडत होता. आम्ही आठवत नसू, पण मेंढा तरी आठवतो का?"

मेंढा मला आठवतो. मी तिला सांगितले की ती भेट वेगळ्या कारणासाठी होती. त्यांच्या थोरलीला मुलींच्या शाळेत प्रवेश मिळावा म्हणून मी शिफारसपत्र दिले होते. त्याचे आभार मानायला ते आले होते.

"शाळेच्या पत्रासाठी कोणी मेंढा आणतं, नाना?"

"कृतज्ञ माणूस आणतो."

"आणि पाच माणसं?"

"मेंढा धरायला."

हा माझा विनोद होता. ती हसली नाही. उठून तिने पायरी पदराने झटकली, जणू तिथे काही सांडले होते.

"बाटली तुमच्याच घरी आहे. आम्ही परत नेली नाही," ती जाता जाता म्हणाली.

मी तिला सांगितले की मी मेथडिस्ट आहे आणि पन्नास वर्षांत मद्याचा थेंब घेतलेला नाही. हे उत्तर निर्णायक असावे, कारण ते ऐकून ती निघून गेली.

१७ जानेवारी, शनिवार

शनिवारी सकाळी लोक माझ्या ओसरीवर कायदा विचारायला येतात. आज तिघे होते. एका बाईने विचारले, नवऱ्याने माझ्या वडिलांच्या जागेवर घर बांधले, तर घर कोणाचे? जागा कोणत्या शब्दांत दिली होती ते आधी सांग, असे मी म्हणालो. तिला आठवेना. बहुतेक भांडणे जमिनीची नसतात. ती न आठवणाऱ्या शब्दांची असतात. दुसऱ्याचा प्रश्न शेजाऱ्याच्या पाण्याच्या पाटाचा होता. तो किरकोळ.

तिसरा माणूस पलीकडच्या गावचा. त्याने एक जागा विकली, साक्षीदारांसमोर सौद्याचे पेय घेतले, आणि नंतर दुसऱ्याने जास्त भाव सांगितला.

"पण साहेब, मी बाटली उघडलीच नाही. कपाटात आहे. बूचसुद्धा तसंच. मग सौदा झालाच कसा?"

"स्वीकारणे हे कृत्य आहे, पिणे हा छंद आहे," मी म्हणालो. "ठेवून घेतलीस तेव्हाच बांधला गेलास. नको होती तर त्याच दिवशी, त्याच लोकांदेखत परत करायची."

"माझं लक्ष नव्हतं हो तेव्हा. घरात पाहुणे होते."

"लक्ष नसणे हा बचाव नव्हे."

त्याने तोंड वाकडे केले, पण निकाल मानला. जाताना तीन मोठे यामचे कंद ठेवले. मी ते परत केले. नोकरीत असताना आलेल्या प्रत्येक भेटवस्तूसाठी मी स्वतंत्र वही ठेवीत असे: काय आले, कोणाकडून, कशासाठी, ठेवले की परत केले, आणि खाली सही. बत्तीस वर्षांत माझ्यावर लाचेचा एकही आरोप झाला नाही, याचे श्रेय मी त्या वह्यांना देतो.

२१ जानेवारी, बुधवार

ट्वुमच्या गाडीतून मळा पाहायला गेलो. ट्वुम चव्वेचाळीस वर्षांचा आहे. कुमासीत त्याचे मोटारीच्या सुट्या भागांचे दुकान होते, ते आता बंद आहे. वाटेत तो बोलत होता.

"मामा, कोको म्हणजे म्हाताऱ्यांचं काम. वर्षभर झाडाकडे बघत बसायचं. जमिनीच्या पोटात काय आहे ते कोणी बघितलंय का?"

ओढ्यापलीकडे, दुसऱ्या कोणाच्या जमिनीवर, माती खणणारे पिवळे यंत्र उभे होते. तेथे कोकोची झाडे राहिलेली नाहीत. खड्ड्यांत चहाच्या रंगाचे पाणी साठले आहे. ओढा आमच्या बाजूने अजून स्वच्छ वाहतो, कारण खणणारे उताराच्या खाली आहेत.

"बैठकीनंतर किती दिवसांत माझ्या ताब्यात येईल?" ट्वुमने विचारले. "सोनं धुणारे लोक फार दिवस थांबायचे नाहीत."

"परवान्याशिवाय खाणकाम हा गुन्हा आहे."

"परवाना काढतील की ते."

'काढतील' या क्रियापदाचा काळ माझ्या ध्यानात आला. तथापि वारस जमिनीचे पुढे काय करील हा प्रश्न माझ्यापुढे नाही. वारस कोण, एवढाच आहे. आणि ट्वुम तसे म्हणाला तरी तीन मुलांचा बाप आहे आणि दोन वर्षे बेकार आहे, हेही मी नोंदवतो.

मळ्याविषयी एक निरीक्षण. पूर्वेच्या बांधापासून पश्चिमेच्या बांधापर्यंत, अगदी मधोमध, न्तोमेची एक सरळ रांग आहे. न्तोमे आपण सीमेवर लावतो. ते वाळत नाही आणि हलवले तर खूण राहते. मी एक्केचाळीस झाडे मोजली. जाडीवरून ती बारा ते पंधरा वर्षांची असावीत. रांगेच्या वर एक अर्धा भाग, रांगेच्या खाली ओढ्यापर्यंत दुसरा. आपल्याच मळ्याच्या पोटातून सीमेची झाडे लावण्याचे प्रयोजन मला कळले नाही.

"वारा अडवायला असतील," ट्वुम म्हणाला.

"न्तोमेने वारा अडत नाही."

"मग शोभेला."

हे संभाव्य आहे. न्सियाला लहानपणापासून सरळ रेषांची हौस होती. मुद्द्याशी संबंध नसल्याने अधिक चौकशी केली नाही.

डुफी चटईवर कोकोच्या बिया उलथीत होती. दाव्याविषयी एक शब्दही न काढता तिने आम्हाला पाणी दिले. माझ्या हातात आला तो न्सियाचा तामचिनीचा पेला होता. काठाचा टवका उडालेला.

२२ जानेवारी, गुरुवार

लिहिण्यासारखे विशेष नाही. पेल्याचा तो टवका मी उडवला होता, १९५१ साली, दगड मारून. आणि मार न्सियाने खाल्ला होता. नोंद पुरी असावी म्हणून लिहिले.

१ फेब्रुवारी, रविवार

माझी मुलगी एस्थर कुमासीच्या रुग्णालयात परिचारिका आहे. चर्चनंतर ती आली आणि नेहमीप्रमाणे विचारल्याशिवाय कपाटे आवरू लागली.

"बाबा, ही जिन कोणाची?"

"असेल कोणाची तरी. ठेव जागेवर."

"मी शाळेत... नाही, नोकरीला लागल्यापासून बघतेय हिला. सुन्यानीहून सामान आलं त्यात होती. आई दर नाताळला पुसायची आणि परत ठेवायची. म्हणायची, बाबांनी ठेवून घेतलीय, बाबाच काय ते सांगतील."

"आई गेली त्याला सहा वर्षे झाली. मी काही सांगितलेले नाही."

"तेच तर. फेकू?"

"दुसऱ्याची वस्तू फेकू नये."

"दुसऱ्या कोणाची?" एस्थरने बाटली उजेडात धरली. मोहोर शाबूत होती. ते मला ठाऊक नव्हते. बत्तीस वर्षांत अशा अनेक बाटल्या आल्या आणि सगळ्या परत गेल्या. ही कशी राहिली, कोण जाणे.

जेवताना ती म्हणाली, "डुफीकाकूचं काय होणार?"

"कायद्याने व्हायचे ते."

"हे घर तुम्ही मृत्युपत्राने मला लिहून दिलंत."

"हे घर माझ्या पगारातून बांधलेले आहे. स्वकष्टार्जित आहे. ते मला देता येते."

"कसं देता आलं ते नाही विचारत, बाबा. का दिलंत?"

ताटातला फुफूचा गोळा गार होत होता म्हणून मी तिला आधी जेवायला सांगितले. प्रश्न प्रस्तुत नव्हता. तरीही हे नमूद करतो की उत्तर मला ठाऊक होते आणि ते मी तिला सांगितले नाही.

९ फेब्रुवारी, सोमवार

डुफीचा भाऊ बाफुओर याची साक्ष घेतली. निवृत्त शिक्षक, बासष्ट वर्षांचा, बोलण्यात नीटनेटका. सुन्यानीला आलेल्या पाचांपैकी तो त्यांचा बोलका होता, म्हणजे सर्वांच्या वतीने भाषण करणारा. उरलेल्यांपैकी दोघे वारले, तिसरा न्सिया, चौथी डुफी स्वतः.

"त्या दिवशी तू नेमके काय बोललास?"

"बोलू कुठे दिलंत, नाना?"

"विस्ताराने सांग."

"आम्ही अंगणात उभे राहिलो. बाटली मधे ठेवली. मी घसा साफ केला आणि म्हणालो, 'नाना, आज आम्ही या दारात...' आणि तुम्ही हात वर केलात. असा. वाहनं थांबवतात तसा. म्हणालात, 'माझ्या घरात भाषणं नकोत, मला निकालपत्र लिहायचं आहे. मेंढा परत न्या. ग्रेस, यांना जेवायला वाढ.' मग आत गेलात आणि दार लावून घेतलंत."

"आणि बाटली?"

"ती राहिली. न्सिया वहिनींना म्हणाला, दादा ठेवतोय की नेऊ? वहिनी आत जाऊन आल्या. म्हणाल्या, राहू दे म्हणतात."

"मग तुम्ही काय केलेत?"

"जेवलो. शेंगदाण्याचं सार होतं, अजून चव आठवते. खोटं कशाला बोलू?"

"म्हणजे आभार कशाबद्दल, ते शब्द उच्चारलेच गेले नाहीत."

त्याने माझ्याकडे बराच वेळ पाहिले. वर्गात पहिल्या आलेल्या मुलाने सोपे गणित चुकवले की शिक्षक पाहतात, तसे. "नाही गेले," तो म्हणाला.

मूल्यमापन. साक्षीदार दावेदार बाईचा भाऊ आहे, म्हणून हितसंबंधी. परंतु त्याचे विधान त्याच्या पक्षाविरुद्ध जाते, म्हणून विश्वसनीय. शब्द नाहीत, तर दान अपुरे. माझा मुद्दा त्यांच्याच साक्षीने सिद्ध होतो.

एक आक्षेप संभवतो. जो पक्ष एखादी अट स्वतःच पुरी होऊ देत नाही, त्याला ती अपुरी राहिल्याचा लाभ घेता येत नाही, असे मी स्वतः किमान दोन निकालपत्रांत लिहिले आहे. पण या प्रकरणात मी पक्ष नाही. मी पंच आहे.

हे वाक्य दोनदा वाचले. ते बरोबर आहे. का कोण जाणे, ते फार बरोबर वाटते.

फाटकाशी बाफुओर वळून म्हणाला, "भाषण अजून पाठ आहे बरं का. वाया गेलेलं पाठांतर जरा जास्तच लक्षात राहतं."

१६ फेब्रुवारी, सोमवार

पोकुआअक्काने बोलावून घेतले. ती आमच्या घराण्यातली ज्येष्ठ स्त्री. माझ्या मावशीची मुलगी, चौऱ्याऐंशी वर्षांची. तिच्या मताशिवाय घराण्याचा कोणताही निर्णय पुरा होत नाही, आणि हे ती विसरू देत नाही.

"एबेनेझर, तुझी ती वही कुठे आहे रे?"

"कोणती?"

"जिच्यात तू कोंबड्या लिहायचास. अमक्याकडून एक कोंबडी, परत केली. तमक्याकडून सहा अंडी, परत केली, त्यांतलं एक फुटलेलं." तिला हसताना खोकला आला. "अख्खं गाव हसायचं. मग मेंढाही लिहिला असशील की."

"मेंढ्याचे कारण मला ठाऊक आहे, अक्का. शाळेचे पत्र."

"बरं. मग पत्राची तारीख बघ आणि मेंढ्याची बघ. तारखा तुझ्या आवडीच्या."

"तुला काही ठाऊक असेल तर सांग."

"मी सांगितलं तर म्हणशील, म्हातारीचा त्या पोरीवर जीव आहे. हितसंबंध का काय ते. तुझं तू बघ." आणि तिने डोळे मिटून घेतले. भेट संपल्याची ही तिची पद्धत आहे.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

पत्र्याची पेटी उघडली. भेटींच्या अकरा वह्या, आणि मी लिहिलेल्या पत्रांच्या प्रतींची एक फाइल.

शिफारसपत्राची प्रत: ११ मार्च २००२.

वहीतील नोंद, जशी आहे तशी उतरवतो:

"४ ऑगस्ट २००१, शनिवार. सुन्यानी. धाकटा भाऊ न्सिया, त्याची पत्नी, तिचा भाऊ, इतर दोन. एक मेंढा, एक बाटली जिन. कारण: आभार. कशाबद्दल ते ऐकलेले नाही. निकालपत्राचे काम होते. मेंढा परत. बाटली परत केल्यास भाऊ दुखावेल, म्हणून ठेवून घेतली. इ. क्वा. अडारक्वा."

सात महिन्यांनी होणाऱ्या उपकाराबद्दल कोणी आगाऊ मेंढा आणीत नाही. ग्रेसने विचारलेले मला आठवत नव्हते, आता आठवते. मी मान वर केली नव्हती. "राहू दे" म्हणालो होतो.

अक्षर माझे आहे. सही माझी आहे. हा साक्षीदार मी बत्तीस वर्षे विश्वसनीय मानला आहे.

कपाट उघडून बाटली टेबलावर ठेवली. मग १७ जानेवारीची नोंद काढून वाचली. त्या माणसाचे नावही मी विचारले नव्हते.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

तीन दिवस प्रतिवाद शोधला. शब्दांशिवाय पेय अपुरे? शब्द मी अडवले. प्रमुखाची संमती ज्येष्ठ स्त्रीशिवाय अपुरी? तिला विचारावे लागेल. मद्य न पिणाऱ्याने घेतलेले पेय हे पेयच नव्हे? याचा निकाल मी ओसरीवर, एका अनोळखी माणसाविरुद्ध, अर्ध्या मिनिटात दिला आहे.

भेटींच्या वहीतली ती नोंद माझ्याखेरीज कोणी पाहिलेली नाही. हे वाक्य येथे लिहितो, कारण ते काल माझ्या मनात आले होते.

२६ फेब्रुवारी, गुरुवार

ट्वुम बिनमद्याच्या माल्टच्या बाटल्यांचे खोके घेऊन आला.

"मामा, शनिवारचं पक्कं ना?"

"शनिवार पक्का आहे."

"निकालाचं म्हणतोय मी."

"तोही शनिवारीच."

"मामा, कधीतरी माणसासारखं बोला की हो!"

"खोके परत ने, ट्वुम. कारण विचारल्याशिवाय मी आता काही ठेवून घेत नाही."

त्याला यातले काही कळले नाही. तो हसत खोके घेऊन गेला.

२८ फेब्रुवारी, शनिवार

अंगणात एकवीस माणसे होती. डुफी तिच्या माणसांसह डाव्या हाताला बसली होती. आज तिने खुर्ची घेतली होती.

मी उभा राहून सांगितले की या प्रकरणात मी साक्षीदार आहे, म्हणून पंच होऊ शकत नाही. पोकुआअक्काने माझ्या जागी बसावे. कुजबुज झाली. ट्वुम म्हणाला, "मामा, ऊन लागलं का?" अक्का मात्र इतक्या चटकन येऊन बसली की ती केव्हापासून तयार होती, हे उघड झाले.

मी बाटली आणून मध्यभागी ठेवली. वहीतील नोंद मोठ्याने वाचली. डुफीने तोंडावर हात धरला.

मग मी बाफुओरला म्हणालो, "साडेतेरा वर्षांपूर्वी तू एक वाक्य अर्धे सोडले होतेस."

"मी सोडलं नव्हतं, नाना. तुम्ही तोडलं होतंत."

"मान्य. पुरे कर."

तो उठला. घसा साफ केला. तेच भाषण त्याने त्याच शब्दांत केले:

"नाना, आज आम्ही या दारात उभे आहोत ते मागायला नाही, सांगायला. तुमचा भाऊ न्सिया म्हणतो: ज्या वर्षी माझी पाठ गेली, त्या वर्षी मळा माझ्या बायकोच्या डोक्यावरून आला. म्हणून ओढ्याकडचा अर्धा मळा मी तिला दिला. पोकुआअक्काला विचारलं. ती म्हणाली, तुझ्या दादाने पेय घेतलं तर माझी ना नाही. न्सिया म्हणतो: दादा कोणाकडून काही घेत नाही, हे मला माहीत आहे. त्याने हे परत केलं तर मी समजेन, आणि रागावणार नाही. पण त्याने ठेवून घेतलं, तर घरी जाऊन मधे न्तोमे लावीन आणि या विषयावर पुन्हा कधी तोंड उघडणार नाही, कारण दादाने एकदा ठेवून घेतलं म्हणजे झालं."

मी शेवटपर्यंत ऐकले. चार मिनिटेसुद्धा लागली नाहीत.

"विचारलं होतं त्याने मला," अक्का म्हणाली. "बाटली घेतलीस की नाही, तेवढं तुझ्याकडूनच कळायला हवं होतं."

निवाडा तिने दिला. न्तोमेच्या रांगेखालचा, ओढ्याकडचा भाग डुफीचा, दानाने. वरचा घराण्याचा, आणि कसायला ट्वुमकडे.

ट्वुम उठून उभा राहिला. "ओढा तिच्याकडे? मग पाण्याशिवाय तो वरचा तुकडा घेऊन मी काय करू?"

"कोको," मी म्हणालो.

पहिल्यांदा डुफीच हसली. मग सगळे हसले, आणि शेवटी, नाइलाजाने, ट्वुमही. डुफी त्याला म्हणाली, "रोपं माझ्याकडून ने. पण डोक्यावरून तूच न्यायची."

बाटलीची मोहोर मी फोडली. पहिली धार न्सियासाठी जमिनीवर ओतली. पेला फिरला; तो तामचिनीचा होता, डुफीने बरोबर आणला होता. माझ्यापाशी आला तेव्हा मी तो हातात धरला आणि पुढे दिला. घोट घेण्याची गरज नव्हती. पेय मी फार पूर्वीच घेतलेले होते.

लोक गेल्यावर डुफी मागे राहिली. ती म्हणाली, त्या दिवशी जेवण झाल्यावर गाडीला दोन तास अवकाश होता. चौघे बाजारात गेले. न्सिया माझ्या बंद दाराबाहेर बसून राहिला. त्याने दार वाजवले नाही. दादा लिहितोय, म्हणाला.

कबुली

या वहीच्या पहिल्या पानावर "मी असे पेय घेतलेले नाही" असे मी लिहिले आहे. ते असत्य आहे. कायद्याविषयीची माझी बाकी सर्व विधाने मी कायम ठेवतो. चूक एकच आहे, आणि ती कायद्याची नाही: ४ ऑगस्ट २००१ रोजी माझा भाऊ मला काही सांगायला आला होता. मी त्याने आणलेले ठेवून घेतले आणि त्याचे ऐकले नाही.

इ. क्वा. अडारक्वा
अबोअसो, २८ फेब्रुवारी २०१५